गप्प बसायला पैसे लागत नाहीत

लग्न होऊन मी सांगलीकडून समुद्रकाठी, घिवलीच्या कोळीवाड्यात आले, तेव्हा सासूबाईंशी बोलायला मला विषयच नव्हता. बोईसरच्या कारखान्यातली माझी प्रयोगशाळा त्यांना परकी होती आणि त्यांचा दर्या मला. सुट्टीच्या एका दुपारी मी फोनवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत होते. त्या शेजारी येऊन टेकल्या.

"काय बघतं गो, बाय?"

मी चित्र दाखवलं. नवरा समुद्रातून परतला नाही म्हणून एक जपानी कोळीण स्वतः होडी काढते, त्याची गोष्ट होती. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "हिचे हात बघ. ही आपल्यातलीच हाय."

तेव्हापासून दर सुट्टीला एक प्रकरण ठरलेलं. मांगाची पानं उजवीकडून डावीकडे वाचायची सवय मला लावून घ्यावी लागली. त्यांना अक्षरओळख नसल्यामुळे ती अडचणच नव्हती. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे, त्या चित्रं बघायच्या आणि मला सुधारायच्या. नवरा बुडाल्याची बातमी येते, त्यानंतर अकरा पानं ती बाई नुसती मासे साफ करते. एक शब्द नाही. त्या पानांवर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझा हात धरून ठेवला होता. मग बाजारात, पाणवठ्यावर, भेटेल त्या बाईला त्या ही गोष्ट सांगत सुटल्या.

पुढे त्याच मांगावर सिनेमा आला. आईंनी शेजारच्या दोघींना बोलावलं, चहा ठेवला. ह्यांनी फोन टीव्हीला जोडला.

नायिकेच्या डोक्यावर केसांचा टोप होता, तोही कानापाशी उचललेला. नखं रंगवलेली. समुद्र म्हणजे मागे लावलेलं चित्र, होडी हलते पण पाणी हलत नाही. तेही मी सोसलं असतं. पण बातमी आली आणि ती बाई वाळूत धावत सुटली, छाती बडवत, वर गाणं. शेजारणी फिस्सकन हसल्या.

"ह्याच्यासाठी बोलावलं व्हय आमाला?"

आई उठून आत गेल्या. चहा मीच दिला, आणि शेजारणी जाईपर्यंत कशीबशी थांबले.

"कमी पैशात काढलेला पिक्चर आहे," हे म्हणाले. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"गप्प बसायला पैसे लागतात का?" मी ओरडलेच. "एक बाई, एक पाट, चार मासे. किती खर्च येतो? त्यांनी ती पानं उघडूनसुद्धा बघितली नाहीत!"

गरिबीचा मला राग नाही. आम्हीही काही श्रीमंत नाही. पण आयती मांडलेली गोष्ट हातात असताना तिची अशी माती करायची, हा आळस आहे. आणि त्याची लाज माझ्या सासूला वाटली, करणाऱ्यांना नाही.

पुढच्या सुट्टीला मी फोन घेऊन गेले. आईंनी हात झटकला.

"नको गो. आता ती टोपवालीच दिसतं. माजी बाय दिसत नाय."

मी रागाने नेटवर त्या सिनेमाखालच्या प्रतिक्रियांत लांबलचक लिहिलं. कुणीतरी हसरा चेहरा टाकला, बाकी काही नाही.

उरलेली प्रकरणं मी एकटीने संपवली. परवा डोळे तपासायला बोईसरला जाताना रिक्षात आईंनी विचारलं, "तिचं पुढं काय झालं?"

मी सांगितलं. पूर्वी त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. आता नुसतं "हां" म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघत बसल्या. तो "हां" ऐकून त्या सिनेमावाल्यांवर माझं डोकं पुन्हा तापलं, ते अजून निवलेलं नाही.