माटोळीतली कैरी

परबसरांशी माझी ओळख झाली ती एका बकरीमुळे. डिचोलीच्या आमच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, आणि भाजी खात बसले होते. सर समोर येऊन बसले आणि नाव-गाव विचारायच्या आधीच म्हणाले, "बाई, क जीवनसत्त्व बकरी स्वतःच्या अंगात तयार करते. तुम्हांला आणि मला ते जमत नाही. तेव्हा भाजीवर लिंबू पिळा." हा अपमान आहे की आहारशास्त्र, मला काही कळेना. बाकीच्या शिक्षकांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नवीन माणसाला पहिला धक्का सरच देणार, हे तिथे सर्वांनी मान्य केलेलं होतं.

धक्का ही सरांची शिकवण्याची रीतच होती. विज्ञानाच्या वर्गाबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी ते एक नवी गोष्ट लिहीत. कोंबडीला मिरची तिखट लागत नाही. आपण आवडीने खातो ती द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांद्याने मांजराचं रक्त बिघडतं. मुलं घंटेच्या आधी येऊन फळ्यापुढे तोंडात बोटं घालून उभी राहत. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले होते, "सर, आमचें चेडूं जेवपाक बसलें काय पयलीं प्रस्न विचारता!" सर इतके खूश झाले, की त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. या सगळ्यामागे त्यांचं एकच सांगणं असायचं. जनावर खातं म्हणून आपण खायचं नाही, आणि आपण खातो म्हणून जनावराला घालायचं नाही.

पुढे गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, या वादाचे दिवस आले. सर पेडण्याकडचे, पार्शाचे, आणि कोंकणीच्या बाजूचे. आम्ही मराठीच्या बाजूचे. माझे थोरले दीर, ज्यांना सगळा गाव दाजी म्हणतो, ते तर मराठीच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे. घरात आम्ही सगळे कोंकणीतच बोलत होतो ही गोष्ट वेगळी. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. मला त्याचं वाईट वाटायचं. सर मात्र पूर्वीसारखेच समोर येऊन बसत आणि लिंबू पिळलं का, ते बघत.

त्याच वर्षीच्या चवथीला जे घडलं ते सांगण्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला आहे.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला फळं, भाज्या, रानातले घोस टांगायचे. कोणाच्या माटोळीत किती दुर्मीळ वस्तू, यावरून गावात तेव्हाही चढाओढ असे. दाजी खाणीवर ट्रक चालवायचे. दर वर्षी तीच ती रानफळं टांगायचा त्यांना कंटाळा आला होता. ते ट्रक घेऊन थेट तेरेखोलच्या खाडीपर्यंत गेले आणि परत आले ते हिरव्यागार कैऱ्या घेऊन. भाद्रपदात कैऱ्या! चवथीच्या सकाळपासून शेजारीपाजारी बघायला येत होते आणि दाजींची छाती फुगत होती.

आरतीच्या आधी सर दर्शनाला आले. दाजींनी तोंडभर "येयात" म्हटलं नाही, पण पाट दिला. सरांनी हात जोडले, वर बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"दाजी, ह्यां फळ खंयसून हाडलां?"

"तुमच्याच वाठारांतलें. खाडयेदेगेर झाड आसा."

सर पाटावर चढले आणि त्यांनी ती फळं माटोळीतून ओरबाडून काढली.

विसर्जनाआधी माटोळीला हात! आमच्या घरात असं कधी कोणी केलं नव्हतं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. दाजी सरांच्या अंगावर धावून गेले. "भाशेचो राग देवाचेर काडटात?" ते ओरडले. "सुकणीं खातात तें फळ! हांव खावन दाखयतां!" पाखरं खातात तर मी का नाही, म्हणत त्यांनी एक फळ हातात घेतलंसुद्धा. सरांनी त्यांचं मनगट असं धरलं, की दाजींसारख्या गड्याला ते सोडवता येईना.

"सुकण्यांचां पोट वेगळां, दाजी. आदोळी हाडा."

सासूबाईंच्या विळीवर त्यांनी फळ चिरलं. पांढरा चीक गळला. आत आंब्याची कोय नव्हतीच. नारळासारखा काथ्या होता आणि त्यात पांढरी बी. ती फोडून सरांनी केळीच्या पानावर ठेवली. "आतां पळयत रावा." आम्ही बघत राहिलो आणि ती पांढरी बी आमच्या डोळ्यांदेखत जांभळी पडत गेली. सर हळू आवाजात म्हणाले, हिच्यातलं विष काळजाचे ठोके थांबवतं.

तेवढ्यात माझी सुलू, तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागलेली, माझा पदर ओढून म्हणाली, "आई, आनी आमचें?"

तिने मागच्या दाराकडे बोट केलं. सर धावले, त्यांच्यामागे दाजी. मागच्या अंगणात मुलांची भातुकली मांडलेली होती. मधोमध नारळाच्या करवंटीत तेच फळ, बारीक चिरून, बीसकट, मीठ-मिरची लावून. शेजारची मुलं गोल करून बसली होती.

"कोणें खालें?" सरांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"कोणेंच ना," सुलू म्हणाली. "नैवेद्य जांव नाशिल्लो मूं!"

देवाला दाखवल्याशिवाय चवथीला काही तोंडात घालायचं नाही, एवढ्या एका शिस्तीवर आमची आणि शेजारची मुलं वाचली. आरती थोडी लवकर झाली असती तर, हा विचार आजही मनात आला की माझ्या अंगावर काटा येतो. सरांनी प्रत्येक मुलाचे हात स्वतः धुतले, करवंटी खोल पुरली आणि मग पायरीवर बसून रडले. दाजी त्यांच्या शेजारी बसले. "देवाच्या माथ्यार हांवें वीख टांगलें," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सुट्टीनंतर शाळेच्या फळ्यावर त्या फळाचं मोठं चित्र आलं. कोणाच्या घरी सापडलं, ते सरांनी कोणालाच सांगितलं नाही. दाजींनी मात्र स्वतःच गावभर सांगितलं, मराठीच्या सभेतसुद्धा सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरची रीत बदलली. माटोळीचं सगळं सामान आधी चटईवर मांडतात. सर पार्शाहून येतात, एकेका फळाला हात लावतात, त्याच्याबद्दल काहीतरी भयंकर सांगून लहानांचे डोळे विस्फारून टाकतात, आणि मगच दाजी दोरी बांधतात. भाषेचा निकाल लागला, गोव्याचं राज्य झालं, सर आणि मी निवृत्त झालो, पण ही रीत चुकली नाही. गेल्या वर्षी सरांचे गुडघे दुखत होते, तर सुलू गाडी घेऊन त्यांना आणायला गेली. यायला उशीर झाला, तेव्हा तिच्या मुलीने विचारलं, "सर येयनासले जाल्यार?"

ऐंशीकडे झुकलेले दाजी खाली चटईकडे बोट दाखवून म्हणाले, "माटोळी सकयल उरतली."

सर, आपल्या पंचाहत्तरीला आपले सगळे विद्यार्थी आणि स्नेही आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य चिंततील. आमच्या घराची प्रार्थनाही तीच आहे, पण तीत आमचा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. चवथ दर वर्षी येणार, आणि तुम्ही हात लावल्याशिवाय आमच्याकडे काहीही वर चढणार नाही.