चर्चच्या भिंतीवर गोधड्या

उखाभाऊंना कुजबुजता येत नाही. अख्खी हयात सुरतमधल्या उधन्याच्या लूमवर, कापड विणण्यात गेली. तिथे शेजारच्याला तंबाखू मागायची तर एकतर हाताने खूण करायची, नाहीतर गळ्याच्या शिरा ताणायच्या. लूम सुटलं, सवय काही सुटली नाही. त्यात कानही गेलेले. त्यामुळे उखाभाऊंनी बायकोला, म्हणजे सुभद्राबाईंना, "वांग्यात मीठ जास्त झालंय" असं हळूच सांगितलं, की अख्ख्या चाळीला त्या वांग्याची बातमी लागते.

असा माणूस चर्चचा वॉचमन व्हावा ही गंमतच. पण फादर कुंदन यांना तो आवडला आणि त्यांनी ठेवून घेतला. सकाळी झाडलोट करायची, बाकं पुसायची, मग गेटवर बसायचं. घरी गणपती, इथे येशू. उखाभाऊ दोघांनाही जाता-येता हात जोडतात आणि दोघांकडूनही अजून तक्रार आलेली नाही.

जुनं चर्च कौलारू होतं, बुटकं आणि जरा अंधारंच. ते पाडून नवं बांधलं. उंच स्लॅब, गुळगुळीत फरशी, भिंतींना टाइल्स, मोठाल्या काचेच्या खिडक्या. लोक मुद्दाम बघायला यायचे. आणि पहिल्याच रविवारी सगळा घोटाळा झाला. फादरचा शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत यायचा, तोवर त्यांनी दुसरा सोडलेला असायचा, आणि मग सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर. प्रवचन म्हणजे नुसता घुमणारा गलका. स्पीकरवाल्याने आणखी दोन स्पीकर लावून दिले, तसा गलका वाढला. लोक म्हणाले, जाऊ द्या, देवाला तर कळतंय ना!

सरलाबाई गावितांना मात्र जाऊ द्या म्हणता येईना.

सरलाबाई नवापूरकडच्या. त्यांचा मुलगा राहुल सुरतजवळ इच्छापोरला कामाला होता. कावीळ झाली आणि बघता बघता गेला. दरवर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला चर्चमध्ये गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना असते, तेव्हा फादर एकेकाचं नाव मोठ्याने वाचतात. सरलाबाई वर्षभर त्या एका नावाची वाट बघतात. धुतलेली पांढरी साडी नेसून येतात, मधल्या बाकाच्या कडेला बसतात आणि जीव कानात आणून ऐकत राहतात. पण त्या घुमण्यात कुठलं नाव कुणाचं, काही म्हणजे काही कळत नाही. प्रार्थना सुटली की गेटवर यायच्या आणि विचारायच्या, "उखाभाऊ, घेतलं का हो फादरने नाव?"

"घेतलं ना! चांगलं मोठ्याने घेतलं," उखाभाऊ ठोकून द्यायचे. त्यांना काय डोंबल ऐकू आलेलं असायचं! पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायला जीभ उचलली पाहिजे ना.

मागच्या वर्षी सरलाबाई हे ऐकूनही हलल्या नाहीत. उखाभाऊंच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही सांगता म्हणून मानते, भाऊ. पण त्याचं नाव आता कुणी घेतच नाही. लोकांना वाटतं मला त्रास होईल. मी घ्यायला जाते तर माझाच गळा धरतो. वर्षातून एकदा चार लोकांत ऐकायला मिळावं, एवढंच."

"फादरना सांगू का? तुमच्याजवळ येऊन म्हणतील."

"जवळ येऊन कशाला? तो काय चोरून जगला?"

उखाभाऊंना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. तो काय चोरून जगला, हे वाक्य त्यांच्या बहिऱ्या कानात नेमकं जाऊन बसलं होतं.

पुढे पावसाळ्यात फादरकडे त्यांचे ओळखीचे एक प्राध्यापक आले. त्यांनी मध्यभागी उभं राहून दोन टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं, की आवाज कमी नाहीच, भिंती कडक आहेत. काहीतरी जाड, मऊ लावा, म्हणजे आवाज तिथेच मुरेल, परत येणार नाही. कमिटीने मान डोलावली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. चहा घेऊन आलेले उखाभाऊ तिथेच उभे होते. प्राध्यापक शिकवायच्या सवयीने खणखणीत बोलले, म्हणून बरं. जाड आणि मऊ म्हणजे गोधडी, एवढं कळायला बैठक कशाला पाहिजे? आणि चिंध्यांना सुरतमध्ये काय तोटा? साड्यांच्या कापाकापीतून निघालेल्या चिंध्यांचे ढीग गल्लोगल्ली पडलेले.

"तुम्हनं डोकं फिरनं का? चर्चले गोधड्या?" सुभद्राबाई म्हणाल्या. पण सरलाबाईंचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनीच चाळीतल्या बायका गोळा केल्या. दुपारची भांडी झाली की ओट्यावर सगळ्या सुया घेऊन बसायच्या. चार बोटं जाड गोधड्या शिवल्या. फादर म्हणाले, वरून साधं बदामी कापड घाला, नाहीतर चर्चमध्ये वाळत घातल्यासारखं दिसेल.

आता लूमवाल्या माणसाला आवाज म्हणजे काय वाटणार? जितका कमी तितका चांगला! जन्मभर खडखडाटात उभा राहिलेला माणूस, त्याच्या हातात एवढ्या गोधड्या पडल्या, मग तो थांबतो होय! उखाभाऊंनी मागची भिंत झाकली, दोन्ही बाजूच्या झाकल्या, आणि पुढे जिथे गाणारे उभे राहतात तिथली भिंतसुद्धा वरपासून खालपर्यंत मढवून टाकली. मग स्वतःच्याच कामावर खूश होऊन गेटवर जाऊन बसले.

रविवारी फादरचं प्रवचन मागच्या बाकापर्यंत लख्ख पोचलं. पण गाणं सुरू झालं मात्र, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. शेजारी गातोय की नाही ते कळेना. लोक लाजले, एकेक करून गप्प झाले. शेवटच्या कडव्याला पेटी आणि गाणाऱ्यांच्या पुढारी चंचलबेन, दोघीच उरल्या.

चंचलबेन तडक गेटवर आल्या. "आ तो गोडाउन थई गयुं, उखाभाई." चर्चचं पार गोदाम झालंय, असं फादरनाही सांगून त्यांनी सरळ बजावलं, की दोन तारखेच्या आत हे सगळं उतरवा. मेलेल्या माणसांना मुक्यानं निरोप द्यायचा का? बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण गोधड्या उतरल्या म्हणजे राहुलचं नाव पुन्हा त्या गलक्यात गेलं. उखाभाऊंना इतक्या बायकांच्या बोटांना सुया टोचल्या त्याचं वाईट वाटलंच, पण सरलाबाईंना यंदाही खोटंच सांगावं लागणार, याचं जास्त वाटलं.

शेवटी फादर म्हणाले, "सगळ्या कशाला उतरवायच्या? आपण एकेक काढून बघू."

शनिवारी दुपारी मग मोठा तमाशा झाला. पुढे चंचलबेन उभ्या राहून गाणार, फादर मधूनमधून वाचणार, शिडीवर उखाभाऊ. त्यांना तर दोन्हीतलं धड काही ऐकू येणार नाही, म्हणून कान सुभद्राबाईंचे. त्यांना सरलाबाईंच्या जागेवर बसवलं. शब्द कळला की मूठ मिटायची, घुमला की बोटं पसरायची. लूमवरच्या खुणा नवऱ्याने त्यांना लग्नाच्या नवलाईतच शिकवल्या होत्या, चारचौघांत बोलायची पंचाईत नको म्हणून.

"मी काय तुमचं मशीन आहे का?" सुभद्राबाई कुरकुरल्या. पण बसल्या ताठ, परीक्षेला बसल्यासारख्या.

गाणाऱ्यांमागची पहिली गोधडी निघाली. चंचलबेननी तोंड वाकडं केलं. दुसरी निघाली, तिसरी निघाली. पुढची भिंत पूर्ण मोकळी झाली तसा त्यांचा आवाज उचलला गेला, जरासा फिरला आणि खाली आला. त्या गाताना आपोआप हसल्या. मग बाजूच्या भिंतींवरच्या पुढल्या काही काढल्या. सुभद्राबाईंची मूठ मिटलेलीच. आणखी एक काढली, तशी बोटं पसरली. उखाभाऊंनी ती मुकाट्याने परत टांगली. मागच्या भिंतीला कुणी हात लावला नाही. उरलेल्या गोधड्या चंचलबेननी स्वतः घड्या घालून कपाटात ठेवल्या आणि जाताना सुभद्राबाईंना म्हणाल्या, एक मला घरी नेऊ द्या, थंडी येतेय.

दोन तारखेला उखाभाऊ गेट सोडून आत येऊन उभे राहिले, सुभद्राबाईंना शेजारी घेऊन. चर्च भरलं होतं. गाणं झालं, आणि भरून झालं. एवढं उखाभाऊंना छातीत कळलं. मग फादरनी कागद हातात घेतला आणि नावं वाचायला सुरुवात केली.

उखाभाऊंना एकही नाव कळलं नाही. फादरचे ओठ दूर, माइकच्या आड. त्यांनी तिकडे बघायचं सोडलं आणि सरलाबाईंच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ ताठ होती, आणि ताठच राहिली. कागद संपला की काय, कुणास ठाऊक. आणि एकाएकी ती पाठ सैल झाली, सगळी खाली बसली. पदर तोंडाशी गेला. शेजारच्या बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं?" उखाभाऊंनी विचारलं. त्यांच्या मानाने हळूच विचारलं, तरी सात बाकांनी माना वळवल्या.

सुभद्राबाईंनी मूठ मिटून दाखवली. त्यांचेच डोळे वाहत होते.

प्रार्थना सुटल्यावर लोक निघाले, पण सरलाबाई गेटकडे गेल्या नाहीत. आतच उखाभाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. उखाभाऊंनी कानामागे हात धरला. त्या पुन्हा बोलल्या, जरा मोठ्याने. उखाभाऊंनी मान हलवली, नाही समजलं. त्यांना खरंच समजलं नव्हतं.

तेव्हा सरलाबाईंनी श्वास घेतला आणि गळा मोकळा सोडून म्हणाल्या, "राहुल. राहुल गावित म्हणाले फादर. माझा राहुल."

दारापर्यंत गेलेले लोक थांबून बघायला लागले. उखाभाऊंना आता नीट ऐकू आलं होतं. तरीही त्यांनी कानामागचा हात काढला नाही, आणि सरलाबाई ते नाव पुन्हा एकदा म्हणाल्या.