चादरीवरची वळणं

मुकुंदवाडीत वेल्डिंगचा वास आला की मला आमच्या यांचं शेवटचं आजारपण आठवतं. हे गाड्यांच्या टर्बोसाठी मॅनिफोल्ड बनवायचे. चार सिलिंडरचा धूर टर्बोपर्यंत नेणारे चार पाइप, सगळे सारख्या लांबीचे. त्यांची वळणं यांच्याच डोक्यात होती.

एका दुपारी यांचा धंद्यातला भागीदार भेटायला आला. यांनी धापा टाकत चादरीवर बोटानं एकेक वळण काढून त्याला समजावलं. मी कौतुकानं चहा केला.

जाताना दारातच तो फोनवर म्हणाला, "मिळालं सगळं. आता याचं काय काम नाय."

मी आत आले. यांचे डोळे मिटलेले होते.

"चहा पिऊन गेला ना तो?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

तेव्हा वाटलं, यांनी ऐकलं नसावं. आता वाटतं, मीही ऐकलंय, हेसुद्धा त्यांना कळलं होतं.