नाव न घेता बघायचं

डोळे मिटून बसणाऱ्यांच्या वर्गात कसले आलेत किस्से, असं मला वाटायचं. पण माणसं गप्प बसवली की काय काय वर येतं, विचारू नका! नंदुरबारला आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी ध्यानाचा वर्ग भरतो. तो घेतात गुरुजी, म्हणजे आमच्याच गल्लीतले रिटायर मास्तर. मी मनःशांतीसाठी जाते, असं लोकांना सांगते. खरं कारण माझी यशू. अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. कान चांगले, समजतं सगळं. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. तेच मला जमत नाही.

*

विहारामागे मिरचीच्या पथारी आहेत. सीझनला मैदानभर लाल मिरची वाळत असते, वारा फिरला की खकाणा थेट आत. अशाच एका रविवारी धुळ्याचे पाहुणे आले होते. करुणेचं ध्यान चाललेलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा! पाहुणे भारावून गेले. हात जोडून म्हणाले, इतकी करुणा मी कुठेच पाहिली नाही.

गुरुजींनी नाक पुसलं. "दिवाळीनंतर या. आणखी वाढते."

*

आमच्यात वयानं मोठ्या सुमनआक्का. त्यांचा जावेशी अबोला. गुरुजींनी त्यांना आठवडाभराचं काम दिलं: रोज जावेला डोळ्यांपुढे आणायचं आणि तिचं भलं मागायचं. पुढच्या रविवारी विचारलं, जमलं का?

"मी तं तिले सुखी करी टाकं," आक्का म्हणाल्या. "आते तिले कोन सांगी?"

*

मलाही काम मिळालं होतं. डोळ्यांना दिसतं ते वेगळं ठेवायचं, मन त्याला जे चिकटवतं ते वेगळं. मी प्रामाणिकपणे केलं. दिसतं ते: यशू बोलत नाही. मनाची भर: दहावीच्या तोंडी परीक्षेला हिचं काय होणार?

गुरुजींनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, आधी तिची अंगणवाडी होऊ दे.

*

यशू वर्गात माझ्याजवळच बसते. ना रडणं, ना चुळबुळ. एकदा गुरुजी कौतुकानं म्हणाले, आपल्या सगळ्यांत पुढे हीच, मौन पाळावं तर हिनं! वर्ग हसला. मीही हसले. घरी येऊन कणीक जरा जास्तच मळली गेली.

*

आणि हा परवाचा. गुरुजींनी पथारीवरून एक मिरची आणून मधोमध ठेवली. म्हणाले, हिला नाव द्यायचं नाही, मनातसुद्धा नाही. नाव आलं की बघणं थांबतं. नुसतं बघा.

सगळे बघायला लागले. पंख्याचा तेवढा आवाज. मला काही जमेना. मी मिरचीऐवजी यशूकडेच बघत होते. ती उठली, चालत मधोमध गेली आणि तिनं ती उचलली. मला पुढचं सगळं दिसलं: तिखट हात, डोळे, दवाखाना. मी अर्धी उठलेही.

यशूनं मिरची उंच धरली. आम्हा सगळ्यांना एकेक करून दाखवली.

"मिच्ची," ती म्हणाली.

सुमनआक्कांचा हात तोंडावर गेला होता. गुरुजी आसनावरून उठले, गुडघे धरत तिच्यासमोर खाली बसले.

"आखो एकदाव म्हन, माय."