इंदूमावशींचा गुंडा

लालबागला आमच्या चाळीच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी विणकामाचा ग्रुप बसतो. बाकाखाली पत्र्याचा एक डबा आहे, त्यात उरलेल्या लोकरीचे तुकडे जातात. तो कधी रिकामा होत नाही. आमच्या किश्शांचंही तसंच, टाकून द्यावा असा एकही नाही!

ग्रुप इंदूमावशींचा. वय सत्तरीपार, तरुणपणी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे जन्म सूत गुंडाळण्यात गेलेला. भेटल्यावर खणखणीत "जयभीम" आणि पाठोपाठ "लडी आणलीस?" आम्ही जवळच्या हॉस्पिटलातल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणतो.

* * *

पहिल्या दिवशी मी दुकानातून लोकरीचा तयार गुंडा घेऊन गेले. मावशींनी तो खुर्चीच्या पाठीभोवती सगळा उलगडला आणि त्याची लडी केली!

"आता कर गुंडा."

"अहो, गुंडाच होता तो!"

"दुकानदाराचा. तुझा कुठे होता?"

ग्रुपचा नियमच तो. आपला गुंडा आपण करायचा, मगच सुया. मी बँकेत लोकांचे फॉर्म परत करते, त्यांना काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं.

* * *

गुंडा करताना समोर कोणीतरी दोन्ही हातांवर लडी धरावी लागते. ग्रुपमधल्या सावंतकाकू घरी नवऱ्याला बसवतात. एकदा काका लडी धरून मॅच बघत होते. विकेट पडली, काकांनी दोन्ही हात वर केले, आणि लडी पंख्यात!

काकू दुसऱ्या बुधवारी तो गुंता पिशवीत घालून आल्या. "औट तो झालो, गुंतो मात्र माका!"

सोडवायला तीन बुधवार लागले. कापायला मावशींनी बंदी घातली होती.

* * *

पहिल्या खेपेच्या टोप्या हॉस्पिटलने धुतल्या आणि त्या एवढ्याशा झाल्या. सिस्टर म्हणाल्या, "लिंबाला बसतील!"

कोणाचं काय चुकलं, कळेना. शेवटी मावशींनीच कबूल केलं. त्यांचे गुंडे दगडासारखे घट्ट, आम्हीही त्यांच्याकडूनच शिकलेलो. ताणलेली लोकर पाणी लागल्यावर आखडली. "सुताचा कोन सैल झाला की जॉबर, आमचा मुकादम, खेकसायचा. गिरणी गेली, तो मेला अजून माझ्या हातात बसलाय!"

मग त्यांनी युक्ती काढली. गुंडाळताना लोकरीखाली डाव्या हाताची दोन बोटं ठेवायची, मधूनमधून ती काढून घ्यायची. गुंडा आपोआप सैल होतो.

* * *

गेल्या वर्षी मावशींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, "ह्या हाताकडून फार अपेक्षा ठेवू नका." मुलगा म्हणाला, "आई, आता विणकाम पुरे."

महिन्याभराने बुधवारी मावशी हॉलमध्ये हजर! मी म्हटलं, "तुमचा गुंडा मी करून देते."

"का? नियम बदलला?"

त्यांनी उजव्या हाताची लुळी बोटं मांडीवर ठेवली आणि डाव्या हाताने लोकर त्यांच्याभोवतीच गुंडाळली. गुंडा झाला मस्त सैल, पण बोटं आत अडकली. सावंतकाकू ओढायला पुढे झाल्या.

"हात लावायचा नाही! त्यांची ती येतील बाहेर."

त्या दिवशी एक बोट निघायला पाऊण तास लागला. आम्ही सगळ्या सुया खाली ठेवून बघत बसलो होतो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मावशी मात्र बोटावर खेकसत होत्या, "चल, चल, शिफ्ट संपत आली!"

असं दर बुधवारी चाललं. घरी रोज.

* * *

सहा महिन्यांनी तपासणी होती, मी सोबत गेले. तेच डॉक्टर. त्यांनी फाइल चाळली आणि पेन पुढे केलं. "धरता येतं का, बघू."

"पेन राहू द्या. तुमचे हात पुढे करा. दोन्ही."

डॉक्टरांनी गोंधळून हात पुढे केले. मावशींनी पिशवीतून पिवळी लडी काढून त्यांच्या मनगटांवर चढवली. डाव्या हाताची दोन बोटं खाली धरली आणि उजव्या हाताने गुंडाळायला लागल्या. पहिला वेढा निसटला. दुसराही. तिसरा बसला.

दारातून शिपाई डोकावला आणि तसाच मागे गेला. बाहेर पेशंटची कुजबुज वाढली. टेबलावरचा फोन वाजला, डॉक्टरांची नजर तिकडे गेली.

"वाजू द्या," मावशी म्हणाल्या. "हात हलवू नका. अजून अर्धी लडी बाकी आहे."