आठ माणसं, नऊ जोड्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका आकड्याने. नऊ. त्या आकड्यापाशी मी येणारच आहे, पण आधी जरा मागचं सांगते.

मी शाळा दहावीपर्यंत शिकले. शिपाई म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा देत देत उपनिरीक्षक झाले. कायदा मी कॉलेजात शिकले नाही. ठाण्यात कामं हातावेगळी करता करता, चष्मा पुसून पुसून वाचला. त्यामुळे चुकीचं काही लिहिलं तर जाणकारांनी समजून घ्यावं. माणसांची नावं मात्र मी कुणाचीच घेणार नाही.

तेव्हा माझी नेमणूक डहाणू तालुक्यात होती. चिकूच्या खोक्यांचा टेम्पो चालवणारा एक माणूस अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा. एका सोमवारी चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, घोलवडच्या एका वाडीतल्या बंगल्यावर दर रविवारी गुजरात पासिंगच्या गाड्या लागतात. भर दुपारी सगळे पडदे बंद. पार्टी म्हणावी तर गाणं नाही, बाई नाही, आवाजच नाही."

आवाज नाही म्हटल्यावर मी समजले. पत्त्यांच्या टेबलावर माणसं पूजेला बसल्यासारखी गप्प असतात.

आता जरा कायदा ऐका. आपल्या राज्याच्या जुगार कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला एक कलम आहे आणि अड्ड्यावर सापडणाऱ्याला दुसरं. पुढे एक बारीक कलम आहे, की निव्वळ कौशल्याचा खेळ असेल तर यातलं काहीच लागू नाही. रमीला कोर्ट कौशल्य म्हणतं, तीन पत्तीला जुगार. पोकर मध्येच लोंबकळतो. हद्दीपलीकडे, गुजरातेत, त्याला जुगार धरून पोलीस उचलतात. म्हणून तिकडची मंडळी तलासरी ओलांडून आमच्या बाजूला खेळायला यायची. इकडे अजून पक्कं ठरलेलं नाही, असं त्यांना वकिलानेच सांगून ठेवलं होतं.

मी वरिष्ठांकडून झडतीचं वॉरंट घेतलं, दोन पंच घेतले, आणि पुढच्या रविवारी दुपारी दोनला आम्ही बंगल्यात शिरलो. पत्ते नुकतेच वाटून झाले होते. मी म्हटलं, "कुणीही पत्त्याला हात लावायचा नाही. आहे तसं राहू द्या."

घरमालक हसत उठला. "मॅडम, हा तुमचा तीन पत्ती नाही. हा डोक्याचा खेळ आहे."

"डोक्याचा आहे तर पडदे कशाला लावलेत? डोक्याला ऊन लागतं?"

त्याच्या शेजारचा शेठ म्हणाला, "बेन, आ तो माइंड गेम छे. बुद्धिबळ जेवो."

"मग बुद्धिबळात घरमालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो का, शेठ?" त्या हिश्श्याला नाल म्हणतात. नाल निघाली की घराचा अड्डा होतो.

आणि तेवढ्यात टेबलाच्या पलीकडच्या टोकाला मला एक ओळखीचा चेहरा दिसला. पूर्वेकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्राचा डॉक्टर. तरुण होता, आमच्या सगळ्या ठाण्याचा लाडका. आमचा एक शिपाई लेप्टोच्या तापाने जवळजवळ गेला होता, त्याला या पोराने दोन दिवस न झोपता परत आणला होता. मी त्याला मागच्या ओट्यावर नेलं.

हात जोडून म्हणाला, "मॅडम, नाव आलं तर सस्पेंड होईन. मग त्या पाड्यांवर दुसरा डॉक्टर येईल का?"

"आज ड्युटी नाही तुझी?"

"सुट्टी आहे."

तीस वर्षं लोकांचं खोटं पकडत आलेली बाई मी. एक फोन करून तपासलं असतं तर कळलं असतं. तपासलं नाही. "वाडीतून मागनं जा," म्हटलं, "आणि पुन्हा दिसू नकोस."

आत हवालदार पंचांसमोर टेबलाची नोंद करत होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि जे दिसेल ते लिहायचं ही त्याची सवय. मी त्याला आरोपींची नावं सांगितली. आठ. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आठ लिहिली. पंचांनी सह्या केल्या. पंच सही करतात, वाचत कुणी नाही. त्या दिवशी मीही वाचलं नाही.

चार दिवसांनी गंजाडच्या बाजूच्या एका पाड्यावरचा माणूस ठाण्यात आला. थोड्या भातशेतीचा धनी, चाळिशीच्या आतला. त्याच रविवारी दुपारी भात कापताना त्याच्या बायकोला घोणस चावली होती. मोटारसायकलवर मागे बसवून त्याने तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर नव्हता, फोन लागत नव्हता. नर्स म्हणाली, डॉक्टरांशिवाय सापाचं इंजेक्शन देता येत नाही, ॲम्ब्युलन्स बोलावते. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी बाकावरच ती गेली. तासाभराने डॉक्टर आला आणि त्याने कागदावर लिहिलं, रुग्ण मृतावस्थेत आणला, आधी मंत्र टाकणाऱ्या भगताकडे वेळ घालवला.

"बाय, मी भगताकडे नाय नेली तिला," तो म्हणाला. "सरळ दवाखान्यात नेली. बोलत होती ती माझ्याशी. पन कागदावर तसा लिवलाय. तिच्या माहेरचे म्हनतात, तूच मारलीस. माझी पोर नेली त्यांनी तलासरीला. देत नायत."

मी म्हटलं, "डॉक्टरनं खोटं लिहिलं म्हणतोस, तर पुरावा?"

"टेम्पोवाला सांगतो, डॉक्टरची गाडी घोलवडला त्या बंगल्यावर होती. तुम्ही गेला होता ना तिथं? बाय, डॉक्टर तिथं होता का?"

आता मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "पंचनाम्यात त्याचं नाव नाही."

वाक्य खरं होतं. इतकं खरं वाक्य मी आयुष्यात इतक्या लबाडीने कधी बोलले नाही. तो मान हलवून गेला. मी घरी जाऊन भात केला आणि तो खाऊ शकले नाही. राहून राहून एकच मनात यायचं, मी त्याला त्या दुपारी सोडलं नसतं, तर तो कागद लिहायला डॉक्टर तिथं पोचलाच नसता. पण तोंड मी उघडलं नाही. निवृत्ती जवळ आली होती. पंचनाम्यात खोट म्हणजे काय होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. पाड्यावरचा तो माणूस प्रत्येक तारखेला यायचा, मागच्या बाकावर बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ऐकतो."

माझी साक्ष झाली त्या दिवशी आरोपींचा मोठा वकील मुंबईहून आला होता. त्याला सिद्ध करायचं होतं की पोकर कौशल्याचा खेळ आहे, म्हणून कोर्टाला तो खेळ समजावून सांगत होता. मन लावून, छान सांगत होता, खोटं कशाला बोलू. "प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते, पालथे. दोनच. ना जास्त, ना कमी. पुढे काय करायचं ते त्याच्या बुद्धीवर." मग म्हणाला, "मॅडम, पंचनाम्यातला टेबलाचा मजकूर वाचा."

मी वाचू लागले. "टेबलावर नऊ जागी प्रत्येकी दोन पत्ते पालथे..." आणि त्या नऊवर बोट ठेवून थांबले.

वकील हुशार. त्याने लगेच सूर बदलला. "आरोपी आठ, आणि जोड्या नऊ? पंचनामा खोटा आहे, की तुमच्या हवालदाराला मोजता येत नाही?"

न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणाले.

बाहेर आवारात सरकारी वकील कानाशी लागला, "लिहिण्यात चूक झाली म्हणा. हवालदार आता निवृत्त आहे, त्याचं काय जातंय?" हवालदार समोर वडाखाली टोपी मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडे बघतही नव्हता.

तेवढ्यात तो पाड्यावरचा माणूस जवळ आला. आवाज न चढवता म्हणाला, "बाय, जोड्या नऊ. मानसं आठ. नववा कोन?"

त्याचं उत्तर मी पिंजऱ्यात परत उभी राहिले तेव्हा दिलं. "हवालदाराने बरोबर मोजलं. नववा माणूस होता. मी त्याला मागच्या दाराने जाऊ दिलं." आणि डॉक्टरचं नाव सांगितलं, वेळ सांगितली.

पंचनामा अविश्वसनीय ठरला, आठही जण सुटले. पोकर जुगार की कौशल्य, हे त्या निकालात कुठेच नाही. ते ठरवायची वेळच आली नाही. माझी खातेनिहाय चौकशी झाली, शिक्षा झाली, ती योग्यच होती. डॉक्टरची चौकशी झाली, त्याने नोकरी सोडली. कुठेतरी दवाखाना टाकलाय म्हणतात. त्या पाड्यांवर दुसरा डॉक्टर यायला खूप वेळ लागला. तेवढं तो खरं बोलला होता.

लोक मला विचारतात, पोकर खेळणं गुन्हा आहे का हो? मी म्हणते, वकिलाला विचारा, आणि दोन वकिलांना विचारू नका. मला त्या केसने शिकवलं ते वेगळंच. वाईट माणसाला सोडताना पोलिसाचा हात थरथरतो. चांगल्या माणसाला सोडताना थरथरत नाही, तिथेच घात होतो.

माझ्या साक्षीची नक्कल त्या माणसाने कोर्टातून काढून घेतली. मग माझ्या घरी आला. "कागद तिच्या माहेरच्यांना वाचता येत नाय. तुम्ही चला."

साडी नेसून गेले, एसटीने, तलासरीपासून पुढे त्याच्याबरोबर चालत. अंगणात त्याची सासू बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं, मी केलेलं धरून. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "तुवा त्याला सोडला कशाला?"

"चांगला माणूस वाटला, म्हणून."

म्हातारी म्हणाली, "माझी पोर बी चांगलीच होती."

मग तिने आत हाक मारली. आठनऊ वर्षांची मुलगी दारात आली, बापाला बघून तिथेच थांबली. तो उकिडवा बसला. दीड वर्षाहून जास्त त्याच्यापाशी राहिलेला निरोप त्याने तिला दिला. "आई दवाखान्यात म्हनली होती, पोरीला सांग, विळा गवतात पडलाय, पाय ठेवू नको."

मुलीने जरा विचार केला. "मग गावला विळा?"

"गावला," तो म्हणाला. "ठेवलाय."

ती आत गेली, कपड्यांची पिशवी घेऊन आली, आणि त्याच्या पुढे चालू लागली.