मणीआत्याचा दर्याई घोडा

मणीआत्या बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. आलेला माणूस शेजारी उभा आणि ही समोरच्या गॅसच्या ज्योतीकडे बघून त्याला उत्तरं देते, असं रोज चालायचं. लग्नपत्रिका द्यायला आलेल्या लोकांना राग येई. पण काच वितळलेली असताना नजर हलली की मणी एका बाजूला लोंबतो, आणि लोंबलेला मणी तिला माणसाच्या रागापेक्षा जास्त खुपायचा. "कान तर तुयाकडेच हायेत ना, बोल की," असं म्हणायची.

ती माझी थोरली नणंद. माझ्या मुलाची आत्या म्हणून पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांचीच आत्या, आणि काचेचे मणी करायची म्हणून मणीआत्या. लग्न होऊन बनारसला गेली, तिथे शेजारणीकडून हे काम शिकली, आणि नवरा गेल्यावर रायपूरला भावाच्या घरी आली ती एक ट्रंक आणि पायानं हवा मारायचा भाता घेऊन. आली म्हणून मी काही नाचले नाही. पण तिनं माझ्या स्वयंपाकघरात बोट घातलं नाही. मागची परछी, म्हणजे पडवी, मागितली, मी दिली. आमचं कधी भांडण झालं नाही, कारण दोघींची आग वेगळी होती.

टेबलावर गॅसची बारीक निळी ज्योत, पायाखाली भाता. लोखंडाची सळई पातळ मातीत बुडवून वाळवायची, म्हणजे काच तिला चिकटून बसत नाही. मग रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरायची, ती मधासारखी झाली की सळईवर गुंडाळायची आणि फिरवत राहायची. चिमट्यानं ओढलं की माशाचं शेपूट, दाबलं की पर. झालेला मणी गरम राखेत पुरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी राख उकरून मणी काढायची, तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही. कोणता तडकला, कोणता वाचला, हे बघून झालं की मग चहा.

सगळे मणी समुद्रातल्या जनावरांच्या आकाराचे. गोल बाजारातला एक शेठ ते पुरीच्या दुकानांना पाठवायचा. मासे, कासवं, खेकडे. आम्ही एकदा पुरीला गेलो तर सगळे लाटा बघत होते आणि ही समुद्राकडे पाठ करून कोळ्यांच्या जाळ्यात काय आलं ते बघत बसली. "एवढं पाणी पाहून काय करू? त्यात राहते कोण, ते पाहू दे." तिच्या आठ पायांच्या जनावराचे पाय मोजून मी सातच आहेत म्हटलं, तर म्हणाली, "एक पोटाखाली हाय, समज."

माझा मुलगा अविनाश सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात आहे. दिवसभर भट्टीपुढे असतो, भाजलेली माणसं त्यानं पाहिली आहेत. वडील गेल्यावर घर त्याच्यावर आलं, आणि घरात सिलेंडर लावून आत्या ज्योतीपुढे बसते हे त्याला सहन होईना. आमची मुलं मराठी समजतात, बोलतात हिंदी. एक दिवस स्पष्ट म्हणाला, "आत्या, अब बस करो. मुझे वहाँ ड्यूटी पे चैन नहीं पड़ता."

आत्या ज्योतीकडेच बघत होती. म्हणाली, "शेठनं नवीन चीज मांगितली हाय. त्याले पसंत पडली तर माहा दिवा राहीन. नाही पडली तर मीच गॅसची नळी काढून तुया हातात देईन." अविनाश कबूल झाला. त्याला वाटलं, म्हातारीचे डोळे थकलेत, नवीन काही जमायचं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

शेठनं मागितला होता समुद्री घोडा. आत्यानं तो कधी पाहिला नव्हता. तिनं माझ्या सुनेला हाक मारली, "रेणू, तुया मोबाइलमधी दर्याई घोडा दाखव बरं." रेणू हिंदी घरातली. शेठचा निरोप तिला ठाऊक नव्हता. मागितलं ते तिनं दाखवलं. मी डोकावले तर एक जाडंभरडं काळं धूड चिखलात तोंड वासून उभं.

"अवो, हा तर गेंडा दिसून राहिला," मी म्हटलं.

"गेंडा पाण्यात राहते का? नावात घोडा हाय, दर्या हाय. तुले अजून काय पायजे?"

मी चौथीपर्यंत शिकलेली, मान्य केलं. आत्यानं ते धूड इतकं मन लावून घडवलं की विचारू नका. गोल अंग, टोकाला बारीक कान, उघड्या तोंडात पांढऱ्या काचेचे चार दात. एक ट्रेभर केले.

गोल बाजारात मी सोबत गेले. शेठनं कापूस उलगडला आणि बघतच राहिला. "दीदी, ये तो दरियाई घोड़ा है!"

"हव, तोच," आत्या खूश.

"अरे, मैंने समुद्री घोड़ा बोला था!"

"दर्या काय आन् समुद्र काय, एकच तर हाय."

शेठ हसता हसता खुर्चीवर बसला. मग त्यानं समजावलं. मराठीत दर्या म्हणजे समुद्र, पण हिंदीत दरिया म्हणजे नदी, आणि दरियाई घोडा म्हणजे आपला पाणघोडा. त्याला हवा होता तो बोटाएवढा मासा, घोड्याच्या तोंडाचा. "आप तो इतने साल बनारस में रहीं!"

"तिथं गंगा होती. घोडे कुठं होते?" आत्या म्हणाली. पण ट्रे उचलताना तिचा चेहरा उतरला होता.

घरी येऊन तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि सरळ नळी काढायला बसली. अविनाश ड्यूटीवरून आला तेव्हा पाना तिच्या हातात होता. रेणू मध्ये पडली. "बोली की गलती है, हाथ की नहीं. देखो तो सही."

अविनाशनं एक मणी उचलला. उजेडात धरला, उलटा केला, कानाच्या मुळाशी नख फिरवलं. बराच वेळ. मग विचारलं, "इतना पतला कान, इतने मोटे बदन पे. तड़का कैसे नहीं?"

"अंग गरम ठेवून कान लावा लागते. एक थंड, एक गरम असलं तर काच पटत नाही," आत्या म्हणाली.

"हमारे यहाँ भी यही रोना है," म्हणत तो स्टुलावर बसला. परछीत तो पहिल्यांदाच बसला होता. उठताना म्हणाला, "शेठवाला घोड़ा बना लो. फिर देखते हैं."

यावेळी रेणूनं बरोबर चित्र दाखवलं आणि खालचं वाचूनही दाखवलं. "आत्या, इसमें तो नर के पेट से बच्चे होते हैं!"

आत्यानं भाता थांबवला. तो ती कुणासाठी थांबवत नसे. "काय सांगतं! मंग पोट मोठं करा लागन बिचाऱ्याचं."

शेपटीचं वेटोळं तडकायचं. राखेतून रोज तुकडे निघत. अविनाश सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी विचारू लागला, "बचा क्या?" एक दिवस वाचला. मग आणखी वाचले. पोटुशा घोड्यांचा ट्रे शेठनं ठेवून घेतला आणि आणखी मागितले. त्या रविवारी अविनाशनं सिलेंडर भिंतीबाहेर नेला, ज्योतीमागे पत्रा ठोकला आणि दारात वाळूची बादली ठेवली. आत्यानं आभार मानले नाहीत. "पत्रा वाकडा ठोकला," एवढंच म्हणाली.

पुढे कित्येक वर्षं तो दिवा जळला. मग एका दुपारी तिनं कांडी खाली ठेवली, ज्योत बंद केली, आणि नळी स्वतः काढून गुंडाळून ठेवली. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. अविनाश घाबरला. "आत्या, तबियत ठीक है? कल जलाओगी ना?"

"नाही रे. दिसत नाही आता. झालं."

त्यानंतर ती पुढच्या खोलीत बसे, दाणे सोलत, आल्यागेल्याच्या तोंडाकडे बघून बोलत. लोकांनाच अवघड व्हायचं. परछीकडे फिरकली नाही. मी एकदा विचारलं, "वन्स, याद नाही येत का?"

"काहून येईन?" ती म्हणाली. "मले कोणी अर्ध्यातून उठवलं का?"

थंडीत गेली, झोपेत. परछीत मी आता पापड वाळवते.